अडीअडचणीचं पान

३० मे १९९९, रविवार

निमिष आज जेवायला आला तो शर्टाच्या खिशात दोन फ्लॉप्या घेऊनच. मावशीचा हा मुलगा विश्रामबागेत कॉम्प्युटरचा क्लास चालवतो आणि फावल्या वेळात तासगावच्या बेदाणा व्यापाऱ्यांच्या वेबसाइट करून देतो. त्या वेबसाइटवरून आजवर मूठभर बेदाणा विकला गेल्याचं ऐकिवात नाही, पण व्यापाऱ्यांची तक्रार नाही. कार्डावर छापायला एक पत्ता मिळतो. माझी मात्र तो फुकट करणार आहे, कारण गेले पंधरा दिवस मी त्याचं डोकं खाते आहे.

याला कारण मनुबाई. एप्रिलमध्ये वकील म्हणून माझ्याकडे आली तेव्हा तिच्या घराला कुलूप लागून आठवडा झाला होता. नवरा लडाखला, दावा भाऊबंदांनी लावलेला, कोर्टात कुणी हजर नाही, म्हणून एकतर्फी निकाल. १९२५ सालचा एक कायदा आहे, इंग्रजांच्या काळातला. लढाईच्या जागी असलेल्या शिपायाविरुद्धचा दावा थांबवावा लागतो, फक्त तो तिथे आहे हे कुणीतरी कोर्टाला वेळेत कळवायला हवं. एक अर्ज, बस्स. मला तो कायदा माहीत होता. मनुबाईला मी माहीत नव्हते.

आता तर कारगिलला तोफा सुरू झाल्यात. रजेवर आलेली माणसं अर्धी रजा टाकून परत निघालीत. ज्यांच्या भावकीत तंटे आहेत त्यांना याहून सोयीची वेळ कोणती मिळणार?

वेबसाइटला नाव काय द्यायचं यावर जेवणं थंड झाली. मी ‘आणीबाणीत कायदेशीर मदत’ म्हटलं. अण्णा, माझे वडील, कोर्टात तीस वर्षं शिरस्तेदार होते, शब्दांच्या बाबतीत ते कुणाचं ऐकत नाहीत. म्हणाले, "आणीबाणी वाचून लोकांना पंच्याहत्तर साल आठवेल आणि घाबरून पळून जातील." शेवटी त्यांनीच सुचवलं, अडीअडचणीचं पान. निमिषने तोंड वाकडं केलं. मला आवडलं.

३ जून

पान चढलं!

कॉम्प्युटर बैठकीच्या खोलीत, फोनच्या टेबलाशेजारी मांडला आहे. फोनची वायर काढून त्या मोडेम नावाच्या डबीत खुपसायची, मग ती डबी शेपटीवर पाय पडल्यासारखी ओरडते आणि आपण जगाला जोडले जातो. अण्णा चष्मा लावून बघत होते.

"म्हणजे हे चालू असेस्तोवर आपला फोन बंद?"

"काका, सातनंतर कोण फोन करतंय? कोर्ट बंद, कचेऱ्या बंद. संध्याकाळीच बसायचं आपण."

अण्णा हं म्हणाले. पानाच्या तळाशी आमचा घरचा पत्ता, फोन नंबर आहे आणि ई-मेलचा पत्ताही आहे. निमिष म्हणतो, फोन जुना झाला, लोक मेलच करतील. कोण करतील ते त्याला विचारलं नाही, उगाच उत्साहावर पाणी कशाला.

६ जून

दोन गोष्टी, दोन्ही चिडायच्या.

एक. निमिषच्या तासगावच्या गिऱ्हाइकाने त्याच्या ऑफिसात आमचं पान उघडलं, तर म्हणे सगळी इंग्रजी अक्षरं आणि टिंबं-स्वल्पविरामांचा भुगा. आमचा मराठी टाइप त्याच्या मशीनवर नाही, म्हणून. म्हणजे आम्ही जे आठवडाभर घासून पुसून लिहिलं ते फक्त आम्हालाच वाचता येतं. निमिषने तोडगा काढलाय, प्रत्येक ओळीचं चित्र करायचं. चित्र कुठेही दिसतं. पण चित्रं जड, चढायला वेळ लागतो. काल सात ते दहा बसलो तेव्हा दीड पान झालं.

दोन. अण्णा औंधला यमाईच्या दर्शनाला गेले होते. निमिषने पानाच्या छापून काढलेल्या दहा-बारा प्रती आणि गोंदाची बाटली पिशवीत घालून गेले, आणि जाता-येता जिथे जिथे एसटी थांबली तिथे एक चिकटवून आले! मी म्हटलं, "अण्णा, पाऊस तोंडावर आहे, दोन दिवसांत गळून पडतील कागद. आपण काय करतोय आणि तुम्ही काय करताय!" म्हणाले, "गोंद चांगला आहे."

९ जून

पानावर एक आकडा असतो, किती जणांनी पान उघडलं ते दाखवणारा. परवा एकोणीस होता. आज एकतीस! कोण असतील ही माणसं? पुण्यात शिकणारा एखाद्या फौजीचा मुलगा, एखादा दूरचा भाऊ. ते गावी कळवतील. निमिष म्हणतो तेच खरं, एकीच्या दारात जाण्यापेक्षा शंभरजणींना सापडेल असं काहीतरी करून ठेवायचं.

मेल एकही नाही. फोनही नाही.

११ जून, शुक्रवार

आज फोन आला. पहिला. मी कोर्टातून जेवायला घरी आले होते म्हणून सापडले. जसंच्या तसं लिहून ठेवते.

"वकीलबाई हायत का? मी दीपमाला बोलते. भितीवरचा कागद वाचला तुमचा. आमच्याकडं बी बेलीफ येणार हाय."

"कधी?"

"दोन जुलैला. घराचा ताबा घ्यायला. चुलतदिरानं दावा लावलावता, त्येचा निकाल झाला म्हणं. आमाला कायबी म्हाईत न्हाई. आन् हे तिकडं वर हायत, लढाईत."

मी म्हटलं, "अजिबात घाबरू नका, हे थांबवता येतं. दावा कुणाच्या नावावर आहे?"

"ह्यांच्या."

"ह्यांच्या म्हणजे? नाव सांगा."

तिकडून जरा हसल्यासारखं. "आवं, आमच्या ह्यांच्या."

"बाई, मला नाव लागेल. अर्जावर नाव घालायचं आहे."

"थांबा हं. ए बनुबाई, हिकडं ये गं, ह्यांचं नाव तेवढं सांग ह्यास्नी."

मागे कुणीतरी ओरडत होतं, पलूस डेपोची गाडी लागली म्हणून. मग खर्र आवाज झाला आणि फोन कटला.

मी रिसीव्हर हातात धरून उभी. पोळी ताटात तशीच. गाव कोणतं हे विचारलंच नाही मी! आधी नाव विचारलं. नाव, वय, धंदा, मग राहणार. कोर्टात असंच विचारतात आणि माझ्या तोंडाला तेच वळण पडलं आहे. गाव विचारलं असतं तर तिने लाजायचं कारण नव्हतं.

परत लावेल. नक्की लावेल.

१३ जून

काल कोर्टात गेले नाही. सकाळी दहापासून फोनशेजारी खुर्ची टाकून बसले. आज रविवार, आजही बसले. मी आंघोळीला गेले तर अण्णा बसतात. काल दोन फोन आले, एक गॅसवाल्याचा, एक चुकून.

संध्याकाळपर्यंत वाट बघितली, मग निमिष आला आणि आम्ही पानाच्या कामाला लागलो. दीपमालासाठीच एक नवीन पान करतो आहोत: बेलीफ येणार आहे? तांबड्या अक्षरांत. काय करायचं, काय बोलायचं, कोणता कागद दाखवायचा. तिला स्वतःला नाही तर तिच्या कुणा नातेवाइकाला दिसेल. हातावर हात ठेवून बसण्यापेक्षा बरं.

१७ जून

फोनमागे पलूसचं नाव ऐकलं होतं, तेवढ्या धाग्यावर आज तिकडच्या तालुक्याच्या कोर्टात नाझराकडे गेले. बेलीफ त्यांच्या हाताखाली असतात, वॉरंटं त्यांच्याकडे. दोन जुलैची ताब्याची वॉरंटं बघायची आहेत म्हटलं.

"नाव सांगा बाई, लगेच काढतो."

"नावच तर माहीत नाही."

"तुम्ही कुणाच्या वकील?"

"व्हायची आहे अजून."

"वकीलपत्र?"

"सही करणारा कारगिलला आहे."

त्यांनी पेन खाली ठेवलं. माणूस वाईट नव्हता, चहा मागवला. म्हणाले, "पक्षकार सोडून दुसऱ्याला रजिस्टर दाखवता येत नाही. आणि दाखवून उपयोग काय? वॉरंटावर माणसाचा धंदा लिहीत नाहीत. फौजी कोण, दुकानदार कोण, कसं ओळखणार तुम्ही?" मी म्हटलं, त्याच्या बायकोचं नाव दीपमाला आहे. ते म्हणाले, "बायकोचं नाव आम्ही कशाला लिहू?"

खरंच आहे. त्या सगळ्या कागदांत तिचं नाव कुठेच नाही. आणि तिच्या तोंडात त्याचं नाव नाही. दोन्ही बाजूंनी दार बंद.

जजसाहेबांपुढे अर्ज ठेवायचा प्रयत्न केला. दाव्याचा नंबर नाही म्हणून तो टेबलापर्यंतही पोचला नाही.

२० जून, रविवार

आज पलूसला जाऊन आले. आंधळ्याने चाचपावं तसं का होईना, पण जाऊन आले.

एसटी स्टँडजवळच्या फोनच्या बूथच्या भिंतीवर अण्णांचा कागद जसाच्या तसा आहे. चारही कोपरे चिकटलेले, ओळंब्यात लावल्यासारखा सरळ. बूथवाला नानासो म्हणून आहे, मिशीवाला, बोलका. दीपमाला नावाची कुणी आठवते का विचारलं.

"बाई, नावं कोण सांगतंय हितं? फौजेतल्या माणसांच्या लय बायका येत्यात. पर दिवसा न्हाईत यायच्या. सांजच्याला थांबा, फोनचा रेट उतरल्यावर. पार रस्त्यापत्तुर रांग असती."

थांबायला हवं होतं का? पण सांगलीची पाचची गाडी चुकली असती, आणि सातला निमिष नवी चित्रं घेऊन येणार होता. आज बेलीफचं पान पुरं करायचं होतं. मी म्हटलं, "माझा नंबर लिहून ठेवा. ती आली की सांगा, कधीही फोन करा म्हणावं, कसलाही संकोच नको."

तो हसला. "तुमचा नंबर लिवायला कशाला पायजे? पाठ झालाय मला."

ऐकून बरं वाटलं. म्हणजे कागद वाचतात लोक.

संध्याकाळी बसलो ते दहापर्यंत. बेलीफचं पान चढलं. सुंदर दिसतंय.

२४ जून

मावशी रुसली आहे. निमिषबरोबर निरोप पाठवला की शरयूला आणि भाऊजींना आमच्याशी बोलायचं नसेल तर तसं सांगा. दिवसभर नातवंडांत वेळ मिळत नाही, संध्याकाळी फोन करावा तर म्हणे आमच्याकडे ‘तास न् तास गप्पा चाललेल्या’ असतात. कुणाशी गप्पा मारणार आम्ही? अण्णा आणि मी दिवसाकाठी वीस वाक्यं बोलतो. निमिष म्हणाला, "आईचं सोड." सोडलं.

फोन नाही. आठ दिवस राहिले.

मला रात्री तिचा आवाज आठवतो, त्यातलं ते लाजणं. किती साधी गोष्ट. मी माझ्या तोऱ्यात नसते तर म्हटलं असतं, बाई, उखाणा घ्या हवं तर, पण नाव कळू द्या. दोघी हसलो असतो आणि काम झालं असतं.

२७ जून

आकडा एकशे चाळीसच्या पुढे गेला म्हणून मी निमिषला पेढे आणायला सांगणार होते. तो खाली मान घालून म्हणाला, "शरूताई, एक सांगायचं राहिलं. आपण दर वेळी पान उघडून बघतो ना, तेही त्यात धरलं जातं."

"म्हणजे?"

"म्हणजे बहुतेक आपणच आहोत ते."

रोज संध्याकाळी मी वीस-वीस वेळा पान उघडत होते. कुणी आलं का, कुणी आलं का म्हणून. जी यायची ती मीच. हसावं की रडावं कळेना, म्हणून निमिषवर ओरडले. तो बिचारा फ्लॉप्या गोळा करून निघून गेला. मग अण्णा म्हणाले, "त्याच्यावर काय ओरडतेस." मग त्यांच्यावरही ओरडले.

आज पेपरात आपल्या भागातल्या एका जवानाची बातमी आहे. मी आधी बायकोचं नाव शोधलं. दीपमाला नव्हतं. सुटल्यासारखं वाटलं आणि लगेच स्वतःची लाज वाटली, कारण जे नाव होतं तीही कुणीतरी होतीच.

३० जून

आज निमिष परत आला, मीच बोलावला. म्हटलं, चित्रं लहान कर, पान लवकर उघडलं पाहिजे. सगळं नव्याने चढवायचं आहे. सात ते साडेदहा बसलो. दोनच दिवस राहिलेत आणि मला दुसरं काय करावं सुचत नाही. दिवसभर फोनपाशी, संध्याकाळभर पानापाशी. याहून जास्त माणूस काय करू शकतो?

अण्णा मध्येच येऊन म्हणाले, "आज जरा फोन मोकळा ठेवूया का?" मी म्हटलं, "दिवसभर मोकळाच होता, आला का कुणाचा?" ते परत गेले.

२ जुलै, शुक्रवार

आज तारीख.

सकाळी पहिल्या गाडीने पुन्हा तालुक्याला गेले. बेलीफ आधीच निघून गेले होते, चौघे चार दिशांना. त्यातला कुठला माझा? एकाच्या मागून रिक्षा केली. तो एका पिठाच्या गिरणीच्या कुलपासाठी निघालेला होता. मी वाटेतच उतरले. पाऊस चालू होता. झाडाखाली उभी राहून मोठमोठ्याने रडले. रिक्षावाला म्हणाला, "बाई, घरचं कुनी गेलं का?"

काय सांगणार.

५ जुलै

काही नाही. कोर्टात दोन तारखा घेतल्या. संध्याकाळी कॉम्प्युटर चालू केला नाही असं नाही, केला. सवय. मेल नाही.

९ जुलै, शुक्रवार

दीपमाला आली.

सकाळी दारात एक बाई उभी होती, पंचविशीची, पदर डोक्यावरून, हातात कोथिंबिरीची जुडी. "रिकाम्या हातानं कसं यावं," म्हणाली. आवाज ऐकला आणि ओळखला. पत्ता त्या कागदावरूनच काढला होता तिने. कागद सोडवून आणला होता, कोपरे फाटले होते.

बेलीफविषयी तिची काही तक्रार नव्हती. "बेलीफ चांगला माणूस हुता, पानी मागून प्याला. समदं सामान भाईर ठिवस्तवर थांबला. मग भाऊसोंनी," भाऊसो म्हणजे तो चुलतदीर, "सांजच्या आत कौलं उतरीवली. पाऊस तर चालूच. दोन दिसात भिती बसल्या." फोनवर जिला हाक मारली होती त्या बनुबाईच्या पडवीत ती आता राहते.

मी घाईघाईने बोलत सुटले, निकाल रद्द करून घेता येतो, कायदा आपल्या बाजूने आहे, अर्ज आजच करते. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "घर परत मिळंल वो बाई. पर घर हाय कुठं आता? माती हाय."

मग मी ते विचारलं. विचारलं नसतं तर बरं झालं असतं असं आत्ता लिहिताना वाटतंय. "दीपमाला, तू परत फोन का नाही केलास?"

तिने माझ्याकडे चमकून बघितलं. "केला की! रोज करत हुते. पयल्यांदा दिवसा लावला तर पैसं संपलं आन् कटला. मग रोज सांच्याला. रेट उतरल्यावर लाईनीत हुबं ऱ्हायचं, नंबर आला की लावायचा. रोज एंगेज. नानासो म्हणायचे, थांबा, पुन्यांदा लावू. पुन्यांदा बी एंगेज. त्येंनला बिचाऱ्यांना तुमचा नंबर पाठ झाला."

अण्णा दारात उभे होते. ते वळून आत गेले.

"दिवसा का नाही?" मी विचारलं, काहीतरी विचारायचं म्हणून.

"दिवसा रोजगाराला जाते. आन् दिवसाचा रेट परवडत न्हाई." मग ती माझी समजूत घालावी तशी म्हणाली, "मला राग न्हाई आला हां बाई. मी बनुबाईला म्हटलं, एवढा येळ फोन चालू हाय म्हंजी किती बायका बोलत असतील ह्यास्नी. आमच्यापरास नडलेल्या असतील. त्येंचं व्हऊ दे आधी. म्हणून मग शेवटचं चार दिस लावलाच न्हाई. म्हटलं, आपण कशाला लाईन अडवा."

त्या प्रत्येक संध्याकाळी मी तिचंच पान नीट करत होते. तांबडी अक्षरं, मोठी, लांबूनही दिसतील अशी.

मला तिच्या पाया पडावंसं वाटलं, पण ती संकोचली असती आणि मला मोकळं वाटलं असतं. म्हणून पडले नाही.

ती भांडायला आलीच नव्हती. तिचं काम वेगळं होतं. नवऱ्याची पत्रं त्या घराच्या पत्त्यावर येतात, घर नाही म्हणून पोस्टमन ती भाऊसोकडे देतो. दोन आल्याचं तिला कळलं, हातात एकही पडलं नाही. पत्रं बनुबाईच्या घरी यावीत असं पोस्टाला लिहून हवं होतं. "पर ह्यांना कळता कामा न्हाई. घर गेलं म्हणून कळीवलं तर तिकडं हात हालंल बंदुकीवरचा. मी लिवलंय, समदं बरं हाय, यंदा कौलं बदलून घेतली म्हणून."

मी कोरा कागद घेतला. पोस्टमास्तरसाहेब यांस, असं लिहिलं. मग थांबावं लागलं. मान वर न करता म्हटलं, "पत्रं ज्यांची येतात, त्यांचं नाव लागेल."

घरात तिसरं कुणी नव्हतं सांगायला. बनुबाई आली नव्हती. तिने पदर सारखा केला, माझ्या हातातल्या पेनाकडे बघितलं आणि एका दमात म्हणाली, "जयराज लालासाहेब सूर्यवंशी." सासऱ्याच्या नावासकट. लाजली नाही, हसली नाही, जीभ चावली नाही.

मी नाव लिहिलं. पुढे बनुबाईच्या घरचा पत्ता घातला. कागद तिच्या हातात दिला.

जाताना तिने तो फाटका कागद परत मागून घेतला. "भितीला लावते पुन्यांदा," म्हणाली. "बायका इच्यारत्यात."

१० जुलै, शनिवार

निमिष सातला आला. अण्णांनी त्याला काल सगळं सांगितलं असणार, कारण फ्लॉप्या आणल्या नव्हत्या. खुर्चीत बसला आणि म्हणाला, "मीच म्हटलं होतं ना, सातनंतर कोण फोन करतंय." मी म्हटलं, तू म्हटलंस, पण पलूसला जाऊन पाचची गाडी पकडणारी मी होते. नानासोने सांगितलं होतं मला. मराठीतच सांगितलं होतं.

वायर मी काढली आणि फोनला लावली. तिघं बसलो.

सव्वासातला फोन वाजला. मावशी होती. "अगं बाई, लागला एकदाचा!" म्हणाली आणि रुसवा विसरून गुडघेदुखी सांगू लागली. मी दोन मिनिटांत ठेवला. ती पुन्हा रुसली असेल.

ठेवला तोच पुन्हा वाजला. मी हॅलो म्हटलं तर पलीकडची बाई माझ्याशी बोललीच नाही. रिसीव्हर लांब धरून ती मागच्यांना ओरडून सांगत होती, "लागला गं! आगं, लागला!" आणि मागे कितीतरी बायकांचा गलका.

मग ती माझ्याशी बोलली. मी आधी गाव विचारलं. तिने सांगितलं. नाव तुम्हाला घेता येत नसेल तर शेजारणीला सांगायला लावा म्हटलं, शेजारणीने सांगितलं. भावकीचा दावा, नवरा तिकडे वर. सगळं लिहून घेतलं, एकही गोष्ट सोडली नाही. अण्णा माझ्या खांद्यावरून वाचत होते.

शेवटी विचारलं, तारीख कधीची आहे?

"ती झाली की बाई," ती म्हणाली, "मंगळवारीच. पर आता फोन लागलाय तर सांगून ठिवावं म्हटलं."